बॅकअप सुरू झाला की कॉल का अडखळतो? ट्रॅफिक मोजण्याची आणि आवरण्याची ओपन सोर्स साधने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठेक माणसांचे ऑफिस, डाउनलोडला २०० आणि अपलोडला ४० एमबीपीएसची लाईन, आणि क्लाउडवरचा बॅकअप सुरू झाला की सगळ्यांचे व्हिडिओ कॉल अडखळतात. शिवाय तुमच्या टीमने लिहिलेले एक वेब अ‍ॅप्लिकेशन लवकरच शाखांमध्ये वापरात येणार आहे. शाखांच्या लाईनी रडतखडत चालतात, म्हणून ते तिथे कसे वागेल हे आधीच तपासायचे आहे. साहेब एक महागडा तयार डबा, म्हणजे ट्रॅफिक आवरणारे विकतचे उपकरण, घ्या म्हणतात. तुम्हाला मात्र एकच ओपन सोर्स साधन हवे आहे, जे ट्रॅफिक मॅनेजही करेल आणि टेस्टही.

असे एक साधन नाही, आणि असते तरी मी ते सुचवले नसते. तुमच्या एका प्रश्नात चार प्रश्न गुंतले आहेत. लाईनमध्ये किती मावते, लाईन भरलेली असताना उशीर किती वाढतो, कुणाला आधी जाऊ द्यायचे, आणि खराब लाईनचा आभास टेबलावर कसा उभा करायचा. प्रत्येकासाठी वेगळे आणि छोटे साधन आहे, आणि बरीचशी लिनक्समध्ये आधीपासूनच आहेत.

आधी मूळ दुखण्याकडे येऊ. तुम्ही ‘लाईन कमी पडते’ असे लिहिले आहे. मला तसे वाटत नाही. एका व्हिडिओ कॉलला साधारण दोन-चार एमबीपीएस पुरतात. कॉल अडखळतो तो जागा नाही म्हणून नव्हे, तर त्याचे पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, बॅकअपच्या पॅकेटांमागे ताटकळते म्हणून. हिशोब करून पाहा. राउटरच्या बाहेर जाणाऱ्या रांगेत १००० पॅकेट मावतात असे धरू, प्रत्येकी १५०० बाइटचे. म्हणजे १२ मेगाबिट माल. तो ४० एमबीपीएसने बाहेर पडायला ३०० मिलिसेकंद लागतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस संभाषणासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवा म्हणते, आणि तुमचा दुप्पट उशीर नुसत्या एका रांगेतच गेला. टीसीपी म्हणजे माल पोचल्याची खात्री करत पाठवण्याची पद्धत. लिनक्सचा नेहमीचा टीसीपी, म्हणजे क्युबिक, पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवतच राहतो. त्यामुळे रांग कितीही मोठी दिली तरी तो ती भरतोच. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास ते चव्हाट्यावर आणले. लाईन दुप्पट केली तरी बॅकअप तीही भरेल, फक्त लवकर संपेल.

हे माझे अनुमान आहे, आणि तुमच्याकडे ते खरे ठरेलच असे नाही. म्हणून आधी पडताळा. केबलने जोडलेल्या मशीनवरून बाहेरच्या एका स्थिर पत्त्याला पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवा, बॅकअप बंद असताना आणि चालू असताना. बंद असताना १५-२० मिलिसेकंद आणि चालू झाल्यावर शेकड्यांत गेला, तर रांगच दोषी. शांत वेळेतही पॅकेट गळत असतील तर दुखणे लाईनीचे आहे, आणि पुढचा सगळा खटाटोप व्यर्थ. आधी सेवा देणाऱ्याशी बोला. केबलवर सगळे ठीक आणि वायफायवरच बोंब असेल तर तो तिसराच आजार. ‘केबलने’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. वायफायवरून घेतलेल्या मोजमापावर उभ्या राहिलेल्या चर्चा मी इतक्या पाहिल्या आहेत की आता पहिला प्रश्न तोच विचारतो.

पिंगच्या जोडीला एमटीआर चालवा. पिंग आणि ट्रेसराउट यांचे ते एकत्र रूप आहे आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरचा उशीर सतत दाखवत राहते. एकच सावधगिरी: मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के गळती दिसली आणि पुढच्या टप्प्यांवर शून्य, तर ती गळती खरी नाही. तो राउटर फक्त तुमच्या चौकशीला उत्तर द्यायला आळस करतो आहे, पुढे जाणारा माल तो नीट सोडतो. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली तरच ती गंभीर.

लाईनमध्ये किती मावते यासाठी आयपर्फ-३. दोन टोके लागतात, एक तुमचे मशीन आणि दुसरे बाहेरचे, म्हणजे भाड्याने घेतलेले छोटे व्हर्च्युअल मशीन. इथे नवखे लोक ठरावीक ठिकाणी फसतात. एक म्हणजे मुळात ते क्लायंटकडून सर्व्हरकडे पाठवते, म्हणजे तुमचा अपलोड मोजते. डाउनलोडसाठी रिव्हर्स पर्याय द्यावा लागतो. दुसरे, यूडीपीची (पोचल्याची खात्री न करता पाठवण्याच्या पद्धतीची) चाचणी वेग न सांगता लावली तर ते १ एमबीपीएसनेच पाठवते, आणि लोक लाईन मेली म्हणून धावत येतात. तिसरे, पहिले काही सेकंद टीसीपी वेग पकडत असतो, ते हिशोबातून वगळण्याचा पर्याय आहे, तो वापरा. ऑफिसच्या आतली गिगाबिट केबल तपासताना ९४१ एमबीपीएसच्या आसपास आकडा आला तर खूष व्हा. ५९ एमबीपीएस कुठे हरवले म्हणून शोधू नका: १५३८ बाइट तारेवरून जातात तेव्हा त्यात टीसीपीचा खरा माल १४४८ बाइटच असतो. आणखी एक, १० गिगाबिटच्या पुढे जायचे असेल तर आवृत्ती पाहून घ्या. ३.१६ पासून, म्हणजे २०२३ च्या अखेरीपासून, समांतर प्रवाह वेगवेगळ्या थ्रेडवर चालतात. त्याआधीच्या आवृत्त्यांत कितीही प्रवाह मागितले तरी सगळे एकाच थ्रेडवर, त्यामुळे तुम्ही नेटवर्क मोजत आहात की एक प्रोसेसर कोअर, हेच कळत नसे.

पण तुमच्या तक्रारीसाठी आयपर्फ दुय्यम आहे. मुख्य साधन फ्लेंट. टोके हॉइलँड-यॉर्गेनसेन यांनी ते लिहिले, आणि त्यातली आरआरयूएल ही चाचणी डेव्ह टॅट यांच्या कल्पनेतून आली. ती चार प्रवाह वर आणि चार खाली एकाच वेळी सोडते, लाईन ठासून भरते, आणि त्याच वेळी पिंग किती वाढतो याचा आलेख काढते. आतून ती नेटपर्फ हे मोजणीचे साधन वापरते, म्हणून बाहेरच्या मशीनवर नेटपर्फचा सर्व्हर चालू ठेवावा लागतो. त्याचा पोर्ट साऱ्या जगाला उघडा ठेवू नका, तुमच्या पत्त्यापुरताच ठेवा. आलेखाची एक प्रत आत्ताच जपून ठेवा, कारण उपाय केल्यानंतरचा आलेख त्याच्या शेजारी ठेवायचा आहे. साहेबांना दाखवायला याहून चांगला कागद नाही.

आता आवरण्याकडे. इथे एकच तत्त्व आहे, आणि ते कळले की साधन कुठलेही चालते: रांग तुमच्या ताब्यातल्या ठिकाणी तुंबली पाहिजे. तुमचा राउटर मोडेमकडे गिगाबिटने पाठवतो आणि मोडेम पुढे ४० ने. साहजिकच रांग मोडेममध्ये साचते, जिथे तुमचे काही चालत नाही. राउटरवर कितीही प्राधान्याचे नियम लिहा, त्याच्याकडे रांगच नाही तर तो क्रम लावणार कशाचा? म्हणून राउटरलाच सांगायचे की ३७-३८ एमबीपीएसच्या वर जाऊ नकोस. थोडा वेग सोडायचा आणि रांग स्वतःकडे ओढून घ्यायची. महाग डबेही मुळात हेच करतात.

रांग ताब्यात आल्यावर तिची व्यवस्था कुणी पाहायची, तर एफक्यू-कोडेल किंवा केक. कोडेल कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडले. रांग किती लांब आहे हे ते पाहत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहते. थांबण्याचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत एकदाही ५ मिलिसेकंदांखाली उतरला नाही तर ते एखादे पॅकेट टाकून देते, आणि पाठवणाऱ्या टीसीपीला इशारा मिळतो. एफक्यू-कोडेल यात भर म्हणून प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, त्यामुळे कॉलचे चार पॅकेट बॅकअपच्या चारशे पॅकेटांमागे उभे राहत नाहीत. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ते ३.५ पासून आहे. केक २०१८ मध्ये ४.१९ कर्नलमध्ये आले आणि वेगाची मर्यादा, न्याय्य वाटप, प्राधान्य हे सगळे त्यात एकत्र आहे. मी नवीन ठिकाणी केकच लावतो. जुन्या पिढीचे एचटीबी अजून उपयोगी आहे, पण ते ‘या विभागाला किमान इतके, उरले तर अमुकपर्यंत’ असे करारासारखे वाटप हवे असेल तेव्हाच. नुसते कॉल सुरळीत हवेत तर एचटीबीच्या वर्गांचे झाड उभारणे म्हणजे स्वतःला लावून घेतलेले काम.

केकमधला एक पर्याय तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. ते प्रत्येक मशीनला सारखा वाटा देऊ शकते, म्हणजे बॅकअप सर्व्हरने पन्नास जोडण्या उघडल्या तरी त्याला पन्नास वाटे मिळत नाहीत. पण तुमच्याकडे नॅट (आतल्या सगळ्या मशीनना बाहेर एकच पत्ता देणारी सोय) असणारच, आणि केकला नॅटचा पर्याय दिला नाही तर त्याला आतली सगळी मशीन एकाच पत्त्याची दिसतात. वाटप होते, फक्त मशीननिहाय नाही. ‘केक लावले, काही फरक नाही’ अशा तक्रारींत मी हे आधी तपासतो. त्यानंतर एनएफटेबल्सच्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या, एका नियमाने बॅकअप सर्व्हरच्या पॅकेटांवर कमी महत्त्वाची खूण करा आणि केकला खुणा वाचायला सांगा. लाईन मोकळी असेल तेव्हा बॅकअप पूर्ण वेगाने जाईल, कॉल आला की मागे सरेल.

डाउनलोडची बाजू थोडी अवघड. येणारे पॅकेट तुमच्यापर्यंत पोहोचते तेव्हा अरुंद जागा ओलांडून आलेले असते. तिथे आयएफबी नावाच्या आभासी इंटरफेसवर ते वळवून मर्यादा लावायची, आणि ती थोडी अधिक कडक, खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के. काही पॅकेट टाकली की समोरचा टीसीपी हात आखडतो, म्हणून हे चालते. जो पाठवणारा ऐकतच नाही, म्हणजे यूडीपीचा मारा, त्याच्यापुढे तुमच्या टोकाला काही इलाज नाही.

हे कुठे बसवायचे ते तुमच्या हार्डवेअरवर ठरते. छोट्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचे लिनक्स) चालत असेल तर त्यात एसक्यूएम नावाचे पॅकेज आहे, दोन आकडे भरले की केक तयार. जुना पीसी आणि दोन नेटवर्क कार्डे असतील तर साधे लिनक्स किंवा ओपीएनसेन्स ही तयार फायरवॉल प्रणाली. ओपीएनसेन्स लिनक्सवर नाही, फ्रीबीएसडीवर आहे, त्यामुळे तिथे केक नाही, पण तिथल्या डमीनेट या वेग आवरणाऱ्या सोयीच्या आधाराने एफक्यू-कोडेल आहे, आणि वेब पानावरून लावता येते. स्वस्त राउटरचा प्रोसेसर मात्र तपासा. केक प्रोसेसर खाते, आणि २०० एमबीपीएसला काही जुने राउटर धापा टाकतात. तसेच फ्लो ऑफलोडिंग (पॅकेट झटपट पुढे सोडण्याचा राउटरचा आडमार्ग) चालू असेल तर पॅकेट रांगेला वळसा घालून निघून जातात, मग मर्यादा लागली असूनही नसल्यासारखी. तुमची लाईन मोबाइल नेटवर्कवरची असेल आणि वेग दिवसभर खालीवर होत असेल, तर एक स्थिर आकडा लिहून भागत नाही. तेव्हा सर्वांत वाईट तासाचा वेग धरावा लागतो आणि बाकी वेळ थोडे नुकसान सोसावे लागते.

इथवरचा क्रम एकदा जुळवून घ्या: पिंगने निदान, आयपर्फने खरा वेग, फ्लेंटने आधीचा आलेख, मग केक, मग फ्लेंट पुन्हा. मर्यादा एका वेळी थोडीथोडी वाढवत न्या आणि पिंग वर उसळला की एक पायरी मागे या.

आता तुमचे अ‍ॅप्लिकेशन. खराब लाईनचा आभास निर्माण करायला लिनक्सचे नेटएम. टीसी या ट्रॅफिक आवरण्याच्या कमांडनेच लागते. उशीर, त्यातला चढउतार, गळती, दुप्पट पॅकेट, उलटसुलट क्रम, वेगाची मर्यादा हे सगळे देता येते. वापरायला इतके सोपे आहे की लोक निकालावर लगेच विश्वास ठेवतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पहिली गोम: नेटएमच्या स्वतःच्या रांगेची मर्यादा न सांगता १००० पॅकेट असते. तुम्ही १०० मिलिसेकंद उशीर लावला की त्या १०० मिलिसेकंदांत येणारे प्रत्येक पॅकेट त्याला धरून ठेवावे लागते. १५०० बाइटच्या हिशोबाने २०० एमबीपीएसला ती सुमारे १६७० पॅकेट होतात, गिगाबिटला ८३०० च्या पुढे. १००० च्या वरची पॅकेट ते गुपचूप टाकते. तुम्हाला वाटते आपण फक्त उशीर लावला, प्रत्यक्षात वेग १२० एमबीपीएसच्या आसपास अडतो आणि न मागितलेली गळतीही मिळते. मर्यादा हिशोब करून वाढवा.

दुसरी गोम: चढउतार दिला की प्रत्येक पॅकेटला स्वतंत्र उशीर मिळतो आणि मागचे पॅकेट पुढे निघून जाते. खऱ्या लाईनीवर क्रम इतका क्वचितच मोडतो. क्रम राखायचा असेल तर नेटएमच्या पोटात साधी पीफायफो (आधी आला तो आधी गेला अशी) रांग बसवा. तिसरी: साधी १ टक्का गळती ही विखुरलेली असते, आणि खरी गळती सहसा गठ्ठ्याने येते. त्यासाठी गिल्बर्ट-इलियट प्रारूपाचा पर्याय नेटएममध्येच आहे. विखुरलेल्या १ टक्का गळतीत छान चालणारे अ‍ॅप्लिकेशन अर्ध्या सेकंदाच्या सलग गळतीत वेगळेच वागते, विशेषतः त्याचे टाइमआउट आणि पुन्हा प्रयत्न करण्याचे नियम घाईत लिहिलेले असतील तर.

नेटएम फक्त बाहेर जाणाऱ्या बाजूला लागते, म्हणून दोन्ही दिशांना हवे तर दोन्हीकडे लावा. आणि ज्या मशीनवर अ‍ॅप्लिकेशन चालते त्याच मशीनवर नको. पाठवणारा टीसीपी आपल्या मशीनवरच्या रांगेत स्वतःचा किती माल साचू द्यायचा हे ठरवतो, त्यामुळे त्याच मशीनवर लावलेला उशीर त्याला वाटेतला उशीर वाटत नाही आणि निकाल वाकतो. मधे तिसरे मशीन ठेवा. नसेल तर एकाच मशीनवर तीन नेटवर्क नेमस्पेस (एकमेकांपासून वेगळी आभासी नेटवर्क) करून व्हेथच्या, म्हणजे आभासी केबलच्या, जोड्यांनी जोडा, मधल्याला राउटर बनवा आणि नेटएम तिथे लावा. हे स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवले की टीममधला कोणीही ‘शाखेची लाईन’ एका कमांडने उभी करू शकतो. आकडे मात्र मनाने टाकू नका. शाखेत एक दिवस पिंगची नोंद ठेवा आणि तिथले आकडे आणा. एखाद्या डेव्हलपरला कर्नलच्या भानगडीत पडायचेच नसेल तर टॉक्सिप्रॉक्सी आहे. ते टीसीपी जोडणीच्या मधे बसते आणि उशीर किंवा जोडणी तुटणे घडवते, पण पॅकेटच्या पातळीवरची गळती त्याला जमत नाही.

वेब अ‍ॅप्लिकेशनवर भार टाकणारी साधने पुष्कळ आहेत: जेमीटर, लोकस्ट, के-सिक्स, व्हेजिटा, डब्ल्यूआरके-२. निवड आवडीची, पण एक गोष्ट समजून घ्या. जे साधन आधीच्या विनंतीचे उत्तर आल्यावरच पुढची पाठवते, ते अडचणीच्या वेळी आपोआप मंदावते. समजा दर १० मिलिसेकंदांनी एक विनंती जायला हवी आणि सर्व्हर एक सेकंद गोठला. खऱ्या जगात शंभर विनंत्या अडकतात. हे साधन मात्र एकच संथ विनंती नोंदवते, आणि अहवालात ९९ वा शतमक (९९ टक्के विनंत्या ज्याच्या आत पूर्ण होतात तो वेळ) गुटगुटीत दिसतो. या चकव्याकडे गिल टेने यांनी लक्ष वेधले आणि त्यासाठीच डब्ल्यूआरके-२ केले. तिथे वेग ठरलेला असतो आणि उशीर विनंती जायला हवी होती त्या क्षणापासून मोजला जातो. व्हेजिटा ठरलेल्या वेगानेच पाठवते, आणि के-सिक्समध्ये स्थिर आगमन-दराचा प्रकार निवडता येतो. भार फक्त स्वतःच्या सर्व्हरवर टाका. भाड्याच्या मशीनवर असेल तर सेवा देणाऱ्याचे नियम आधी वाचा.

काही विचित्र दिसले तरच टीसीपीडम्प आणि वायरशार्क काढा. टीसीपीडम्पने पॅकेट पकडायची, वायरशार्कमध्ये पाहायची. १५०० पेक्षा मोठी पॅकेट दिसली तर घाबरू नका, नेटवर्क कार्डाच्या ऑफलोडमुळे ती तुकडे होण्याआधीच किंवा जोडल्यानंतर पकडली गेली आहेत. थांबवताना शेवटी ‘कर्नलने टाकलेली पॅकेट’ असा आकडा येतो. तो शून्य नसेल तर त्या फाइलमधली ‘हरवलेली’ पॅकेट नेटवर्कने हरवली की टीसीपीडम्पने, हे सांगता येत नाही. आणि त्या फाइलमध्ये सहकाऱ्यांचा खासगी माल असतो, ती गटावर टाकू नका.

राहिला डबा. सुट्या भागांची खात्री, रात्री फोन उचलणारा माणूस, एक बंद पडला तर दुसरा आपोआप उभा राहणारी जोडी, यातले काही खरोखर हवे असेल तर डबा घेण्यात गैर नाही. फक्त घेण्याआधी चाचणीसाठी मागा आणि तुमच्याच लाईनीवर आरआरयूएल चालवा, केकच्या आलेखाशेजारी त्याचा आलेख ठेवा. पत्रकावर ‘१ जीबीपीएस’ लिहिलेले असेल तर कोणत्या आकाराच्या पॅकेटला, हे विचारा. पूर्ण आकाराची पॅकेट असतील तर गिगाबिटला सेकंदाला ८१ हजारच लागतात, ६४ बाइटची असतील तर १४ लाख ८८ हजार, आणि डब्याचा प्रोसेसर बाइटांनी नाही, पॅकेटांच्या संख्येने दमतो. व्हिडिओ-व्हॉइस कॉलची पॅकेट या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात. ते तपासायला डीपीडीके (कर्नलला वळसा घालून पॅकेट हाताळणारी लायब्ररी) आधारित टीरेक्स हे ट्रॅफिक निर्माण करणारे साधन आहे, पण त्यासाठी त्याला चालणारे नेटवर्क कार्ड असलेले मशीन आणि सवड हवी. तुमच्या लाईनीला त्याची गरज पडेलसे वाटत नाही. बॅकअप चालू असतानाचा पिंग आणि राउटरचे मॉडेल इथे टाका, केकचे नेमके आकडे मग ठरवू.